हायब्रिड कॉन्टॅक्ट लेन्स: कोणाला उपयोगाची, कोणाला नाही

चष्म्याचा नंबर वर्षातून दोनदा बदलतोय, सिलिंडर वाढत चाललाय आणि नवा चष्मा लावूनही अक्षरांच्या मागे सावली दिसतेय. अशी तक्रार घेऊन फिरणाऱ्या तरुण मुलामुलींना हल्ली कोणी ना कोणी ‘हायब्रिड लेन्स लावून बघ’ असं सांगतं. हार्ड लेन्ससारखं साफ दिसतं आणि सॉफ्ट लेन्ससारखी टोचत नाही, अशी तिची ओळख करून दिली जाते. यात तथ्य आहे, पण ते सगळ्यांच्या डोळ्यांना लागू होत नाही. ही लेन्स नेमकी काय असते, कोणाला उपयोगी पडते, कोणी तिच्या वाटेला जाऊ नये आणि वुजू, रोजा, सुरमा यांच्याबाबत काय लक्षात ठेवायचं, ही माहिती एका जागी मिळावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. लेन्स नजर साफ करते, डोळ्याचा आजार थांबवत नाही. ज्यांना ही लेन्स सुचवली जाते त्यातल्या बऱ्याच जणांना केरॅटोकोनस नावाचा आजार असतो. त्याची तपासणी न करता नुसती लेन्स घेतली, तर साफ दिसण्याच्या समाधानात उपचाराची वेळ निघून जाते.

हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड म्हणजे दोन जातींचा मेळ. या लेन्सचा मधला भाग कडक असतो. आरजीपी म्हणजे ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या हार्ड लेन्सचं जे साहित्य असतं, तेच इथे वापरतात. त्याच्याभोवती सॉफ्ट लेन्सच्या साहित्याची मऊ झालर असते. दोन्ही भाग कारखान्यातच एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे डोळ्यात एकच लेन्स जाते. मधला कडक भाग साधारण ८.५ मिलिमीटरचा आणि पूर्ण लेन्स साधारण १४.५ मिलिमीटरची असते. आपला कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या समोरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, साधारण १२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे मऊ झालर कॉर्नियाच्या बाहेर, पांढऱ्या भागावर टेकते. पापणीला कडक कडा लागत नाही, म्हणून टोचल्यासारखं कमी वाटतं.

कडक भाग कशाला हवा?

सॉफ्ट लेन्स कपड्यासारखी असते. अंगाचा जसा आकार, तसा कपडा पडतो. कॉर्निया वाकडातिकडा असेल तर सॉफ्ट लेन्सही तशीच वाकडी बसते आणि दोष तसाच राहतो. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि कॉर्नियाच्या मध्ये अश्रूंचा थर भरतो. अश्रू आणि कॉर्निया प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, त्यामुळे कॉर्नियावरचे उंचसखल भाग या थरात झाकले जातात. कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागामुळे आलेला सिलिंडर अशा रीतीने सुमारे ९० टक्के झाकला जातो. खड्डे पडलेल्या रस्त्यावर पाणी साचलं की वरून तो सपाट दिसतो, तसंच हे समजा.

मग साधी आरजीपी का नको? ज्यांना सवय झाली त्यांना ती उत्तम. पण ती लहान असते, पापणीबरोबर हलते, धुळीचा कण आत गेला तर डोळ्यातून पाण्याची धार लागते आणि खेळताना ती बाहेरही पडू शकते. हायब्रिडची झालर लेन्स मध्यभागी स्थिर ठेवते आणि धूळ आत जाण्यापासून बरीच अडवते.

जुन्या लेन्सची बदनामी

ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत सॅटर्न नावाची आणि पुढे सॉफ्टपर्म नावाची हायब्रिड लेन्स बाजारात आली. दिसायचं साफ, पण दोन अडचणी होत्या. कडक आणि मऊ भागाचा जोड फाटायचा आणि ऑक्सिजन फारच कमी जायचा. साहित्यातून ऑक्सिजन किती जातो ते ‘डीके’ या आकड्याने मोजतात. सॉफ्टपर्मच्या मधल्या भागाचा डीके जेमतेम १४ होता. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो बराचसा ऑक्सिजन हवेतूनच घेतो. हवा अडली की कडेने रक्तवाहिन्या आत शिरायला लागतात, आणि हे नुकसान साधं नसतं.

२००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कॅलिफोर्नियातल्या सिनर्जआईज कंपनीच्या नव्या पिढीच्या हायब्रिड लेन्सला मान्यता दिली. याच कंपनीच्या नंतर आलेल्या ड्युएट लेन्समध्ये मधल्या भागाचा डीके १३० आणि सिलिकॉन हायड्रोजेलच्या झालरीचा ८४ आहे. त्यामुळे जुन्या लेन्सची तक्रार आजच्या लेन्सला तशीच्या तशी लागू नाही. तरीही डॉक्टरांना लेन्सचं नाव आणि दोन्ही भागांचा डीके विचारून घ्यावा. तो आपला हक्क आहे.

कोणाला उपयोगाची?

पहिला गट, कॉर्नियामुळे सिलिंडर असलेल्यांचा. टॉरिक सॉफ्ट लेन्स डोळ्यात फिरली की नजर कधी साफ, कधी धूसर होते. हायब्रिड फिरली तरी फरक पडत नाही, कारण सिलिंडर अश्रूंचा थर झाकतो.

दुसरा गट, सुरुवातीच्या आणि मध्यम टप्प्यातल्या केरॅटोकोनसचा. ज्यांना चष्म्याने पुरेसं दिसत नाही आणि आरजीपी सहन होत नाही, त्यांना ही लेन्स चांगला आधार देते. यासाठी वेगळ्या बनावटीच्या लेन्स असतात, ज्या कॉर्नियाच्या टोकाला न टेकता त्याच्यावरून कमानीसारख्या जातात.

तिसरा गट, लेसिक शस्त्रक्रियेनंतर किंवा जखमेनंतर कॉर्निया ओबडधोबड झालेल्यांचा. चौथा, चाळिशी ओलांडलेल्या आणि सिलिंडरही असलेल्या लोकांचा, कारण दूरचं आणि जवळचं दोन्ही दिसेल अशी मल्टिफोकल हायब्रिड लेन्सही येते. पाचवा, आरजीपीची नजर हवी पण धुळीत काम आहे किंवा मैदानावर खेळायचं आहे अशांचा.

कोणाला नाही?

फक्त साधा मायनस नंबर असेल, सिलिंडर नसेल, तर हायब्रिडवर जास्तीचा पैसा घालण्यात अर्थ नाही. रोज बदलायची सॉफ्ट लेन्स किंवा चांगला चष्मा पुरेसा आहे.

सिलिंडर कॉर्नियाचा नसून डोळ्याच्या आतल्या नैसर्गिक भिंगाचा असेल, तर अश्रूंचा थर तो झाकू शकत नाही. चष्म्याचा सिलिंडर आणि कॉर्नियाचा सिलिंडर जुळतो की नाही हे तपासल्यावरच लेन्सचा निर्णय घ्यायचा, तो यासाठीच.

डोळे फार कोरडे असतील, पापण्यांना वारंवार सूज येत असेल, ॲलर्जीचा जोर असेल किंवा डोळ्यात संसर्ग असेल, तर आधी त्यावर उपचार. केरॅटोकोनस फार पुढे गेला असेल तर मोठी स्क्लेरल लेन्स बहुधा जास्त योग्य ठरते. कॉर्नियाचं प्रत्यारोपण झालेल्यांनी तर कॉर्नियाच्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुठलीच लेन्स लावू नये.

आणि ज्याला हात धुवायचा, लेन्स वेळेवर काढायचा कंटाळा आहे, त्याने चष्माच वापरावा. हे कडू वाटेल, पण खरं आहे.

लेन्सच्या आधी कॉर्नियाचा नकाशा

केरॅटोकोनसमध्ये कॉर्निया हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. बहुतेकदा सुरुवात किशोरवयात होते आणि पुढची दहा-वीस वर्षं तो वाढू शकतो. म्हणजे नेमकी दहावी, बारावी, कॉलेज आणि नोकरीची वर्षं. हा आजार फार दुर्मिळ समजला जायचा. पण नागपूरजवळच्या गावांमध्ये झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीमध्ये तीस वर्षांवरच्या लोकांत त्याचं प्रमाण २.३ टक्के आढळलं. कॉर्नियाचा उठाव मोजण्याच्या साध्या यंत्रावर हा आकडा आधारलेला होता, त्यामुळे त्यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा झाली. तरी महाराष्ट्रातल्या पालकांनी दुर्लक्ष करावं असा हा विषय नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

डोळे चोळणं हे यातलं मोठं कारण मानलं जातं. ॲलर्जीमुळे खाज सुटते, मूल मुठीने डोळे चोळतं आणि आधीच नाजूक असलेल्या कॉर्नियावर दाब येत राहतो. आम्ही शिक्षक वर्गात रोज पाहतो, काही मुलं उन्हाळा आला की सतत डोळे चोळतात. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पुढच्या बाकावर बसवलं की आपलं काम झालं, असं समजू नये. घरी निरोप जायला हवा.

घरातल्या कोणाला हा आजार असेल तर भावंडांचीही तपासणी करावी. इस्रायलमध्ये झालेल्या एका अभ्यासात, आईवडील चुलत-मावस भावंडं असलेल्यांमध्ये केरॅटोकोनसचा धोका जास्त आढळला. आपल्यातही नात्यात निकाह होतात. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. अशा घरातल्या मुलाचा सिलिंडर वाढत असेल तर तपासणी लांबवू नका, एवढंच सांगायचं आहे.

तपासणीचं नाव कॉर्नियल टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी. यंत्रासमोर बसायचं, काही सेकंदांत कॉर्नियाचा रंगीत नकाशा निघतो. इंजेक्शन नाही, दुखत नाही. आधीपासून लेन्स वापरत असाल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवून जावं, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकतो.

आजार वाढतो आहे असं दिसलं तर आपल्याकडे ‘सी-थ्री-आर’ नावाने ओळखला जाणारा उपचार करतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ही पद्धत विकसित झाली. डोळ्यात रायबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व ब-२ चे थेंब टाकून त्यावर अतिनील किरण सोडतात, त्यामुळे कॉर्नियातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. मूळ पद्धतीत थेंबांसाठी ३० मिनिटं आणि किरणांसाठी ३० मिनिटं लागतात. कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन जाड असावा लागतो. उशीर झाला, कॉर्निया त्याहून पातळ झाला, तर हा मार्ग अवघड होतो. वेळेत तपासणीचा आग्रह धरतो तो याच कारणासाठी.

सी-थ्री-आरने आजार थांबतो, पण नजर आपोआप साफ होत नाही. नजरेसाठी नंतर लेन्स किंवा चष्मा लागतोच. क्रम लक्षात ठेवा: आधी नकाशा, गरज असेल तर सी-थ्री-आर, मग लेन्स.

मुलींच्या बाबतीत थोडं स्पष्ट

स्थळं पाहायची वेळ आली की मुलीचा चष्मा दिसू नये म्हणून घाईघाईने लेन्स घेतली जाते. नंतर सासरी कळू नये म्हणून ती लेन्स रात्रंदिवस डोळ्यात राहते. हायब्रिड लेन्स झोपेत ठेवायची नसते. डोळा बंद असताना कॉर्नियाला आधीच हवा कमी मिळते, त्यात वरून लेन्स असेल तर जखम आणि संसर्गाचा धोका वाढतो. केरॅटोकोनस असलेल्या मुलीला आयुष्यभर देखभाल लागणार आहे. ही गोष्ट दोन्ही घरांना आधीच माहीत असलेली बरी. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि लपवण्याची किंमत तिच्याच डोळ्याला मोजावी लागते.

फिटिंग कसं होतं?

ही लेन्स चष्म्याचा नंबर सांगून मागवता येत नाही. कॉर्नियाच्या मोजमापावरून ट्रायल लेन्स निवडतात. ती खास रंगीत द्रावणासह लावून निळ्या प्रकाशात पाहतात की मधला भाग कॉर्नियाला कुठे टेकतोय का आणि झालर कशी बसली आहे. यासाठी मोठ्या रेणूंचं फ्लोरेसिन लागतं, नेहमीचं फ्लोरेसिन मऊ झालरीत शोषलं जातं. डॉक्टरांकडे ट्रायल सेटच नसेल तर पैसे भरू नका. मापं बदलावी लागली तर लेन्स बदलून मिळेल का, हेही आधी विचारा.

लेन्स फार घट्ट बसली तर ती डोळ्याला चिकटते. सकाळी बरं वाटतं, संध्याकाळी डोळा लाल होतो आणि काढताना त्रास होतो. म्हणून पहिल्या आठवड्यांतल्या फेरतपासण्या चुकवू नयेत, त्याही लेन्स काही तास डोळ्यात राहिल्यानंतरच्या.

लावणं, काढणं, धुणं

- हात साबणाने धुवून, धागे न सुटणाऱ्या कपड्याने कोरडे करा.
- लेन्सच्या वाटीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं निर्जंतुक सलाईन काठोकाठ भरा. मान खाली घालून चेहरा जमिनीला समांतर ठेवा आणि लेन्स सरळ वर डोळ्याला लावा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर धूसर दिसतं. काढून पुन्हा लावा.
- काढताना बोटं कोरडी हवीत. वर पाहून खालच्या बाजूची झालर दोन बोटांच्या पेरांनी हलकेच चिमटीत धरा. नखं वापरली तर झालर फाटते.
- फक्त हार्ड लेन्ससाठी असलेलं सोल्युशन हायब्रिडला चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलंच वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन असेल तर ते त्याच्या खास डबीत ठरलेले तास निष्क्रिय होऊ द्यावं लागतं. ते थेट डोळ्यात गेलं तर प्रचंड आग होते.
- डबीतलं सोल्युशन रोज फेकून नवं भरा.
- लेन्स साधारण सहा महिन्यांनी बदलायची असते. फाटली नाही म्हणून दोन वर्षं चालवू नका.

नळाचं, बोअरचं, बाटलीतलं, कुठलंही पाणी लेन्सला लावायचं नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याचा संसर्ग फार वेदनादायक असतो, महिनोन्महिने चालतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

वुजू, रोजा, सुरमा आणि हज

*वुजू:* वुजूत आणि गुस्लमध्ये डोळ्याच्या आत पाणी पोहोचवणं फर्ज नाही. त्यामुळे लेन्स असताना वुजू होतो, प्रत्येक नमाजला ती काढायची गरज नाही. चेहरा धुताना डोळे मिटून घ्या, म्हणजे पाणी लेन्सखाली जाणार नाही. सकाळी आधी वुजू, मग हात कोरडे करून लेन्स, असा क्रम सोयीचा पडतो. सजद्यात नीट बसलेली लेन्स पडत नाही.

*रोजा:* डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, असं हनफी आणि शाफई दोन्ही फिकहमध्ये आहे. कोकणातले आपले बांधव बहुतेक शाफई आहेत, त्यांनाही हे लागू. १९९७ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या ठरावातही डोळ्याचे थेंब रोजा तोडणाऱ्या गोष्टींत धरलेले नाहीत, मात्र घशात उतरलेलं गिळू नये, अशी अट आहे. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण त्यासाठी औषध परस्पर बंद करू नका. रोज्यात दुपारनंतर डोळे कोरडे वाटले तर त्या महिन्यात लेन्सचे तास कमी करा, तरावीहला चष्मा लावून जा.

*सुरमा:* लेन्स डोळ्यात असताना सुरमा, काजळ पापणीच्या आत घालू नका. कण लेन्सखाली अडकतात आणि कॉर्निया खरवडतात. शिवाय बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसं असतं, ते लहान मुलांना अपायकारक आहे.

*हज आणि उमरा:* धूळ, कोरडी हवा आणि अपुरी झोप, तिन्ही लेन्सला वाईट. चष्मा सोबत असायलाच हवा, आणि सोल्युशन इथूनच न्या. जमजमचं पाणी बरकतीचं आहे, ते प्यावं. लेन्स धुवायला मात्र निर्जंतुक द्रावणच लागतं.

दुसरे पर्याय

हायब्रिड न जमल्यास रस्ता बंद होत नाही. केरॅटोकोनससाठी खास बनावटीच्या आरजीपी लेन्स आहेत. न्यूझीलंडचे पॉल रोज यांनी बनवलेली ‘रोझ के’ त्यात प्रसिद्ध आहे. खाली सॉफ्ट आणि वर आरजीपी अशी ‘पिगीबॅक’ पद्धतही वापरतात. स्क्लेरल लेन्स पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला स्पर्श करत नाही, म्हणून पुढच्या टप्प्यातल्या आजारात आणि फार कोरड्या डोळ्यांत ती कामी येते. साध्या आरजीपीपेक्षा हायब्रिड आणि स्क्लेरल दोन्ही महाग पडतात. म्हणून डॉक्टरांना आरजीपीची ट्रायल आधी घ्यायला सांगणं शहाणपणाचं. काही आठवड्यांत सवय झाली तर तीच लेन्स खिशाला आणि डोळ्याला दोन्हीला परवडते.

ताबडतोब लेन्स काढा

डोळा लाल होणं, दुखणं, उजेड सहन न होणं, अचानक धूसर दिसणं, पांढरा ठिपका दिसणं. यातलं एकही लक्षण दिसलं तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकू नका. जाताना लेन्स आणि डबी सोबत न्या, जंतू तपासायला लागू शकतात.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझा सिलिंडर कॉर्नियाचा आहे की आतला?
२. टोपोग्राफी झाली का? केरॅटोकोनस आहे का, आणि तो वाढतोय का?
३. मला सी-थ्री-आरची गरज आहे का?
४. साध्या आरजीपीने काम भागेल का?
५. लेन्सच्या दोन्ही भागांचा डीके किती?
६. वर्षाचा एकूण खर्च किती? लेन्स, सोल्युशन, सलाईन आणि तपासण्या धरून.
७. पुढचा नकाशा कधी काढायचा?

हे प्रश्न कागदावर लिहून न्या, उत्तरंही लिहून घ्या. टोपोग्राफीचा रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी आजार वाढला की थांबला, हे जुन्या नकाशाशी ताडूनच कळतं.